नाशिकच्या घाटावर, गल्लीत आणि वस्तीत काम करणारी स्वतंत्र कलासंस्था कशी उभारावी

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत नाशिकमधील पुलांचे खांब, संरक्षक भिंती आणि चौक यांच्या सुशोभीकरणाची कामे निघत राहतील, आणि चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या अनेक तरुणांना त्यातून काही दिवसांचे उत्पन्नही मिळेल. ते त्यांना मिळायलाच हवे. मात्र आधीच ठरलेले चित्र ठरलेल्या चौरस फुटांत उतरवणे हे एक काम आहे, आणि एखाद्या गल्लीतील माणसांबरोबर वर्षभर राहून त्या गल्लीतून काही निर्माण करणे हे दुसरे. या दुसऱ्या कामासाठी स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी, लहान पण टिकाऊ संस्था लागते. तशी संस्था नाशिकमध्ये उभी करू पाहणाऱ्या चित्रकार, शिल्पकार, नाट्यकर्मी, छायाचित्रकार आणि कलाशिक्षकांसाठी हे लेखन आहे.

बहुतेक गट सुरुवातीलाच नाव, बोधचिन्ह आणि नोंदणी यांच्या मागे लागतात. माझ्या मते क्रम उलटा असावा: आधी जागा, मग त्या जागेतील एक छोटे काम, आणि नंतर नोंदणी. ज्या जागेतील माणसे ओळखतात ती जागा हीच अशा संस्थेची खरी मालमत्ता असते. दिल्लीतील ‘खोज’ या संस्थेची सुरुवात १९९७ मध्ये कलावंतांच्या कार्यशाळेने झाली आणि पुढे ती खिडकी या दाट वस्तीच्या जुन्या गावात स्थिरावली. तिच्या अनेक कामांचा विषय आणि सहभागी याच शेजारातून आले. बस्तरमधील कोंडागाव येथे नवज्योत अल्ताफ यांनी स्थानिक आदिवासी कलावंतांबरोबर सार्वजनिक हातपंपांच्या जागा नव्याने घडवल्या, तेव्हा पाणी भरणाऱ्या बाईला हंडा कुठे टेकवता येईल आणि तो उचलताना कमरेवर किती ताण येईल, याचा विचार त्या रचनेच्या मुळाशी होता. कोणतेही शिल्प आणून तेथे ठेवण्यापेक्षा हे काम फार अवघड आहे, आणि म्हणूनच ते शिकण्यासारखे आहे.

जागा निवडणे

नाशिकमध्ये पहिले लक्ष गोदाघाटाकडे जाते. रामकुंड, गाडगे महाराज पूल, यशवंतराव महाराज पटांगण, पुराची पातळी जिच्यावरून ओळखतात ती दुतोंड्या मारुतीची मूर्ती आणि बुधवारचा बाजार एवढे सगळे थोड्याशा अंतरात असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. तरीही पहिले काम रामकुंडाच्या परिसरात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तेथे भाविक, पुरोहित, फेरीवाले, महापालिका, जलसंपदा विभाग आणि पोलीस या सर्वांचा एकाच दगडावर हक्क किंवा जबाबदारी असते, आणि नव्या संस्थेजवळ या सर्वांशी बोलण्याइतकी ओळख अजून नसते. सिडकोतील एखादा चौक, सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीजवळची कामगार वस्ती, जुन्या नाशकातील एखादी आळी किंवा पंचवटीतील एखादा बोळ येथून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

निवडीची कसोटी साधी ठेवावी. संस्थेतील किमान एक व्यक्ती त्या जागेपासून पायी जाण्याच्या अंतरावर राहत असावी किंवा तिचे रोजचे काम तेथे असावे. दारात सांडलेला रंग, रात्री पडलेली परांची, मुलांनी तोडलेली मांडणी अशा गोष्टींसाठी कोणाला हाक मारायची हे लोकांना ठाऊक असेल, तर तक्रार भांडणापर्यंत जात नाही.

ऐकण्याचे तीन महिने

जागा ठरल्यावर निदान तीन महिने काहीही निर्माण न करता तेथे जात राहावे. सकाळी नळाला पाणी येते तेव्हा, दुपारी ओट्यावर म्हातारी माणसे बसतात तेव्हा, संध्याकाळी शाळा सुटल्यावर आणि रात्री कारखान्याची पाळी सुटल्यावर, अशा वेगवेगळ्या वेळी ती जागा वेगळी असते. सावली कुठे पडते, पाणी कुठे तुंबते, दुचाक्या कुठे लागतात, बायका कोणत्या वेळी आणि किती वेळ थांबतात, याचा हाताने काढलेला नकाशा तयार करावा. पुढील सर्व कामाचा आधार हाच कागद असतो.

त्या जागेत आधीपासून कोणत्या संस्था आहेत, हेही याच काळात कळते. येथे संस्था म्हणजे नोंदणीकृत संस्थाच असे नाही. जुन्या नाशकातील पेशवेकालीन रहाडींचे, म्हणजे जमिनीत बांधलेल्या हौदांचे, उदाहरण घ्यावे. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेली रहाड रंगपंचमीला उघडली जाते, तिची पूजा होते, रंगाचे पाणी तयार होते आणि सगळा परिसर त्यात उड्या घेतो. खणायचे कोणी, पूजेचा मान कोणाचा, रंग कोण तयार करणार, नंतर बुजवणार कोण, हे सारे परिसराला माहीत असते. सार्वजनिक जागेत सामूहिक कृती दरवर्षी कशी पार पाडावी याचे इतके पक्के शिक्षण कलामहाविद्यालयात मिळत नाही, म्हणून तिवंधा चौकात किंवा दिल्ली दरवाजाजवळ काम करू इच्छिणाऱ्या कलावंताने प्रथम एका रंगपंचमीला मदतनीस म्हणून राबावे. गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेकडेही असेच पाहावे. मे महिन्याच्या संध्याकाळी ठरलेल्या ठिकाणी श्रोते जमतात, ही सवय शहराला लागायला अनेक दशके जावी लागली आहेत.

या टप्प्यात एक प्रश्न टाळू नये: या जागेत कोण येत नाही? ज्या शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला, त्या शहरात ‘सार्वजनिक’ म्हटलेली जागा सर्वांची असतेच असे गृहीत धरता येत नाही. एखाद्या चौकात मुली थांबत नाहीत, एखाद्या पारावर विशिष्ट घरांतील माणसे बसत नाहीत, एखाद्या मैदानावर संध्याकाळनंतर फक्त एकाच गटाचा वावर असतो. हे पाहिल्याशिवाय केलेले काम आधीच बळकट असलेल्यांच्या भिंतीला शोभा देऊन थांबते.

लोकांना ‘तुम्हाला इथे कसले चित्र हवे?’ असे विचारू नये. उत्तर बहुधा देवाचे, महापुरुषाचे किंवा निसर्गदृश्याचे येते, आणि त्यात चूक काहीच नाही, कारण भिंतीवर आजवर तेच पाहिलेले असते. त्याऐवजी येथे पूर्वी काय होते, काय बंद झाले, काय होऊ नये असे वाटते, कोणाला येथे बसायला जागा नाही, असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे लांब असतात. ती उत्तरे देणाऱ्याच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावीत आणि त्यांची नोंद तारखेसह ठेवावी.

पहिले छोटे काम

पहिले काम कमी परवानग्या लागणारे असावे. एखाद्या वाड्याच्या अंगणात, मालकाच्या लेखी संमतीने, त्या आळीतील घराघरांतून जमवलेल्या जुन्या छायाचित्रांचे एका दिवसाचे प्रदर्शन हे चांगले उदाहरण आहे. मूळ छायाचित्रे घराबाहेर नेऊ नयेत. तेथल्या तेथे स्कॅन करून परत द्यावीत आणि प्रती टांगाव्यात. तांबट आळीत काम असेल तर ठोक्यांचा आवाज, घडणीचे टप्पे आणि कारागिरांचे स्वतःचे वर्णन यांतून ध्वनिकाम होऊ शकते. खर्च कमी असतो, आणि कोण मदतीला येतो, कोण केवळ उद्घाटनाला येतो, हे संस्थेतील माणसांनाही कळते.

नोंदणी

पहिले काम पार पडल्यावर एकत्र राहण्याची इच्छा टिकली असेल तर नोंदणीचा विचार करावा. महाराष्ट्रात मुख्यतः तीन मार्ग आहेत. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणीसाठी किमान सात व्यक्ती लागतात, आणि अशी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. दुसरा मार्ग न्यासपत्र करून थेट सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) स्थापण्याचा. तिसरा म्हणजे कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी, जी दोन संचालकांवरही सुरू होऊ शकते, पण तिची वार्षिक पूर्तता आणि लेखापालाचा खर्च तुलनेने अधिक असतो. नाशिकपुरते काम करणाऱ्या गटाला पहिला मार्ग मला योग्य वाटतो, कारण सात माणसांची सभा, ठराव आणि निवड यांमुळे संस्था एकाच कलावंताच्या नावावर चालत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचे, म्हणजे न्यासांची नोंदणी होते त्या कार्यालयाचे, काम करणारा वकील आणि लेखापरीक्षक सुरुवातीलाच ठरवून घ्यावेत. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो, हे अनेक संस्था विसरतात आणि पुढे प्रत्येक अर्ज तेथे अडतो.

नियमावलीत ‘कला व संस्कृतीचा प्रसार’ एवढेच उद्दिष्ट लिहू नये. सार्वजनिक जागेतील कला, वस्तीतील कार्यशाळा, दस्तऐवजीकरण, पारंपरिक कारागिरांबरोबरचे काम, प्रकाशन असे स्पष्ट शब्द असावेत, कारण पुढे निधी मागताना देणगीदार नेमके हेच कलम पाहतो.

परवानग्या

सर्वांत जास्त कामे येथे अडतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. प्रथम जागा कोणाची हे कागदावर शोधावे. एकाच चौकातील रस्ता महापालिकेचा, विजेचा खांब वीज कंपनीचा, कुंपणाची भिंत गृहनिर्माण संस्थेची आणि मागील मोकळी जागा जिल्हा परिषदेची असू शकते. खासगी भिंतीसाठी मालकाचे संमतिपत्र घ्यावे. भाडेकरूची संमती पुरेशी नसते, आणि वाडा वारसांत वाटला गेला असेल तर सर्व वारसांच्या सह्या लागतात. विनापरवानगी भिंत रंगवणे हा महाराष्ट्रात मालमत्ता विरूपण प्रतिबंधक अधिनियम, १९९५ खाली गुन्हा ठरू शकतो, मग चित्र कितीही सुंदर असो.

महापालिकेच्या जागेसाठी अर्ज संबंधित विभागीय कार्यालयात द्यावा. नाशिकमध्ये पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड असे सहा विभाग आहेत. अर्जासोबत जागेचे छायाचित्र, मापासह रेखाटन, कामाच्या तारखा, वापरायचे साहित्य, काम किती काळ राहील आणि ते कोण काढणार याचा उल्लेख, तसेच परिसरातील रहिवाशांच्या सह्यांचे पत्र जोडावे. हे शेवटचे पत्र अधिकाऱ्याच्या टेबलावर सर्वांत उपयोगी पडते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. उद्यान असेल तर उद्यान विभाग, शाळेची भिंत असेल तर शिक्षण विभाग, नदीकाठ असेल तर जलसंपदा विभाग यांचा ना हरकत दाखला वेगळा लागतो. नगरसेवकाला आधी भेटून माहिती द्यावी, पण भिंतीवर त्याचे नाव किंवा छायाचित्र येणार नाही हे त्याच भेटीत नम्रपणे सांगावे.

संरक्षित स्मारकांच्या बाबतीत नियम कडक आहेत. पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग बांधकामासाठी प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असतो. म्हणून शिल्प किंवा मांडणीसाठी पाया खणण्याची कल्पना तेथे मुळातच मनात आणू नये. जुन्या मंदिरांच्या आणि घाटांच्या दगडावर रंग, खिळा किंवा सिमेंट लावू नये, परवानगी मिळाली तरीही.

सादरीकरण असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता विभाग असतो. नाट्यप्रयोगासाठी राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मागितले जाते, त्यामुळे संहिता वेळेत पाठवावी. पोलीस आयुक्तालय वेळोवेळी जमावबंदीचे आदेश काढते. कार्यक्रमाच्या तारखांना असा आदेश लागू आहे का, हे परवानगी हातात असली तरी आदल्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्यावे.

पैसा

पहिल्या तीन वर्षांत कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर (सीएसआर) भरवसा ठेवू नये. सातपूर-अंबडमध्ये कारखाने अनेक असले तरी हा निधी स्वीकारण्यासाठी संस्थेला संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी आयकर खात्याकडील नोंदणी, म्हणजे बोलण्यातील ‘बारा ए’ आणि ‘ऐंशी जी’, सीएसआर-१ अर्जाने मिळणारा क्रमांक आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास लागतो. शिवाय हा निधी कोणत्या कामांवर खर्च करता येतो हे सांगणाऱ्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला, संस्कृती, सार्वजनिक ग्रंथालये, पारंपरिक कला आणि हस्तकला यांचा उल्लेख आहे. समकालीन कलेचा प्रस्ताव त्या चौकटीत कसा बसतो हे संस्थेला स्वतःच पटवून द्यावे लागते. तांबट कारागिरांबरोबरचे काम तेथे सहज बसते. परदेशी देणगीसाठी २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी लागते. ती नसताना परदेशातील मित्राने पाठवलेली छोटी रक्कमही संस्थेच्या खात्यात घेऊ नये.

सुरुवातीचा पैसा तीन ठिकाणांहून येऊ शकतो: सदस्यांची वर्गणी, परिसरातील लहान देणग्या आणि कलाक्षेत्रातील अनुदाने. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून अनुदाने देत आली आहे आणि दिल्लीतील फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्टने सार्वजनिक कलेसाठीही साहाय्य दिले आहे. अशा ठिकाणी प्रस्ताव मोठ्या शब्दांनी भरू नये. ऐकण्याच्या काळातील नकाशा आणि नोंदी जोडाव्यात, त्या अधिक बोलतात.

अंदाजपत्रकात कलावंताचे मानधन सर्वांत वर लिहावे. रंगवाल्याला, मांडववाल्याला आणि छपाईवाल्याला रोख पैसे देऊन कलावंताला ‘प्रसिद्धी मिळेल’ असे सांगणे अन्यायाचे आहे आणि त्यामुळे चांगली माणसे दुसऱ्यांदा येत नाहीत. वस्तीतील ज्या व्यक्ती आपला वेळ देतात, गोष्टी सांगतात, स्वयंपाक करतात किंवा काम घडवतात, त्यांचेही मानधन तेथेच असावे. एकूण रकमेचा पाचवा हिस्सा देखभाल आणि काम काढून टाकणे यासाठी बाजूला ठेवावा. देणगीदार हा हिस्सा कापायला सांगतो, तेव्हा काम लहान करावे पण हा हिस्सा सोडू नये.

करार आणि श्रेय

प्रत्येक कलावंताशी दोन पानांचा मराठी करार पुरतो. काम काय, मानधन किती हप्त्यांत, साहित्य कोणाचे, अपघात झाल्यास विमा कोणाचा, छायाचित्रांचा वापर कोण करणार, आणि काम किती काळ राहील, एवढे त्यात असावे. शेवटच्या मुद्द्याला कायद्याची बाजू आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढले गेले व त्याची हानी झाली. दीर्घ खटल्यानंतर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ खालील त्यांचा नैतिक हक्क, म्हणजे आपल्या कलाकृतीची हानी होऊ न देण्याचा कलावंताचा हक्क, मान्य करून पाच लाख रुपयांची भरपाई देवविली. काम कधी आणि कसे काढले जाईल हे कलावंत, जागामालक आणि संस्था यांनी आधीच लिहून ठेवले, तर अशी वेळ कोणावर येत नाही.

काढले जाणारे काम कमी प्रतीचे असते असे मानू नये. लंडनच्या पूर्व भागात ‘आर्टएंजल’ या संस्थेने १९९३ मध्ये रेचेल व्हाइटरीड यांचे ‘हाउस’ उभे केले, पाडायच्या घराच्या आतील पोकळीचा तो काँक्रीटमधील ठसा होता. १९९४ च्या जानेवारीत ते पाडले गेले, तरी घर आणि शहर यांवर त्याने घडवलेली चर्चा अजून संपलेली नाही.

श्रेयफलकावर कारागीर, सुतार, वस्तीतील सहभागी यांची नावे कलावंताच्या नावाइतक्याच अक्षरांत, त्यांच्या संमतीने असावीत. मुलांची छायाचित्रे आणि नावे पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोठेही वापरू नयेत, आणि कार्यशाळेत मुलांबरोबर एकटा प्रौढ कधीही असू नये.

प्रत्यक्ष काम आणि साहित्य

नाशिकमध्ये उघड्यावरील कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी आहे. जून ते सप्टेंबर या काळात नदीकाठी काहीही उभे करू नये. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाटावरील टपऱ्याही हलवाव्या लागतात, आणि २००८, २०१६ व २०१९ चे पूर पाहिलेल्या दुकानदाराला पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अवयवापर्यंत आले की काय आवरायचे, हे अचूक माहीत असते. त्याचा सल्ला अभियंत्याच्या आराखड्याइतकाच गांभीर्याने घ्यावा.

भिंतीची ओल पावसाळा संपताच तपासावी. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. आतून बाष्प जमले तर रंग लावू नये. सिमेंटचा नवा गिलावा सुमारे चार आठवडे सुकू द्यावा, मग प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक इमल्शन वापरावा. रंगाच्या दोन हातांसाठी एका लिटरमध्ये साधारण ५० ते ६० चौरस फूट धरावेत, भिंत खडबडीत असेल तर कमी. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यावर मात्र ॲक्रिलिक लावू नये, कारण आतील ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पापुद्र्याबरोबर गिलावाही सुटतो. तेथे चुना आणि मातीचे रंग हेच योग्य आहेत, मग छटा मोजक्या मिळाल्या तरी चालेल. नदीजवळ ब्रश धुतलेले पाणी गटारीत किंवा पात्रात जाऊ देऊ नये. पिंपात साठवून गाळ बसू द्यावा आणि तो वाळवून कचरा म्हणून द्यावा.

परांची अनुभवी माणसाकडूनच बांधून घ्यावी. उंचावर काम करणाऱ्याला सुरक्षापट्टा आणि शिरस्त्राण सक्तीचे असावे, आणि वीजवाहिन्या जवळ असतील तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद असतानाच काम करावे.

काम झाल्यानंतर

उद्घाटनाला पाहुणा बाहेरून आणण्याची गरज नाही. ज्या घराने नळाचे पाणी आणि शिडी दिली त्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीचा तो मान आहे. त्यानंतर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि पुढे दर महिन्याला एका ठरलेल्या सदस्याने जागेला भेट देऊन नोंदवहीत लिहावे: काय झिजले, कोणी काय चिकटवले, मुले कामाचा कसा वापर करतात, कोण आता तेथे थांबू लागले. कोणी कामावर काही लिहिले तर ते लगेच पुसू नये. आधी वाचावे, आणि शक्य असल्यास लिहिणाऱ्याशी बोलावे.

छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, परवानग्यांच्या प्रती आणि हिशेब यांचा एक संच संस्थेत आणि एक त्या परिसरातील शाळेत किंवा वाचनालयात ठेवावा. घरोघरी जमवलेल्या साहित्याची प्रत ज्या घरातून ते आले त्या घराला छापून द्यावी.

वार्षिक सभेचा एक भाग कार्यालयात न घेता त्याच चौकात घ्यावा. एप्रिलच्या अखेरीस, उन्हे उतरल्यावर, सतरंजी टाकून वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचावा: कोणी किती दिले, कोणाला किती मानधन गेले, देखभालीसाठी किती शिल्लक आहे. पुढील वर्षी येथे काम करावे की थांबावे, हा प्रश्न तेथेच विचारावा आणि आलेले उत्तर, नकार असला तरी, इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवून उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात.